तपासणाऱ्याचे नाव

मित्रांनो, मी एक जुने मोजणी यंत्र आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. तसे पाहिले तर माझ्याइतके स्थिर दुसरे कोणी नसावे. काळ्या ग्रॅनाइटचे जाडजूड टेबल, त्यावर एक कमान, कमानीतून खाली उतरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला मोहरीएवढा माणकाचा लाल मणी, असे माझे रूप. तो मणी एखाद्या वस्तूला अलगद टेकला की ती किती लांब, किती जाड, किती गोल आहे, हे मला कळते. तुमच्या डोक्यावरचा एक केस साधारण साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या केसाच्या विसाव्या हिश्श्याइतका फरकही मी ओळखतो. पण जे ओळखतो, ते बोलून दाखवता येत नाही. माझी तळमळ तिथेच सुरू होते.

दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून लाकडी खोक्यात बसून मी भाईंदर पूर्वेला आलो. इंडस्ट्रियल इस्टेटमधला तळमजल्याचा गाळा, पुढे लोखंड कापणाऱ्या लेथ मशिनी, मागे काचेची एक खोली. त्या खोलीत मला ठेवले. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात, त्याची किरकिर दिवसभर भिंतीतून येते. सुरुवातीला मला तिचा फार त्रास व्हायचा. मग माझ्या पायाखाली रबराच्या जाड गाद्या घातल्या गेल्या. त्या घातल्या पंढरीनाथ भोईर यांनी.

पंढरीनाथ हे राई गावचे. वडील भातशेती करायचे, हे मात्र मशिनवर रमले. कारखान्यात येणारा प्रत्येक तुकडा माझ्यावर तेच मोजत. मोजण्याआधी हात धुवायचे, तुकडा मलमलीने पुसायचा, माझा मणी एका चकचकीत गोळ्याला टेकवून माझी नजर ठीक आहे की नाही हे पाहायचे, आणि मगच कामाला लागायचे. एसी बंद पडला तर ते मला हात लावत नसत. "गरम झाला की लोखंड फुगतंय, आपन काय मोजनार मंग?" असे म्हणत आणि बाहेर जाऊन बसत.

माझ्या प्रत्येक मोजणीचा एक कागद निघतो. त्याला सगळे रिपोर्ट म्हणतात. कागदाच्या खालच्या भागात आकडे असतात, ते माझे. वरच्या भागाला हेडर म्हणतात, तो माणसांचा. ही वस्तू कोणती, कोणत्या बॅचची, कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे बनली, कधी आणि कोणी तपासली, हे तिथे रकान्यारकान्यांत लिहायचे असते. मी आलो तेव्हा तिथे तीनच रकाने होते. बाकीचे पंढरीनाथांनी एकेक करून वाढवले. एका मे महिन्यात लांब दांड्यांचा हिशेब चुकला, तेव्हा त्यांनी 'खोलीचे तापमान' हा रकाना बनवला. दोन बॅचेसची सरमिसळ होता होता टळली, तेव्हा 'बॅच क्रमांक' आला. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीला आमचा कारखाना ब्रेकच्या पिना करून देई. त्या कंपनीच्या तपासणी विभागात मृणालिनीबाई होत्या. त्या एकदा म्हणाल्या, "भोईरकाका, आकडे ठीक आहेत, पण मोजलं कोणी ते कागदावर दिसायला हवं."

त्या दिवशी 'तपासणारा' हा रकाना जन्माला आला. पंढरीनाथांनी त्यात आपले नाव घातले. माझ्यावर काम करणारे ते एकटेच होते, म्हणून नाव दर वेळी आपोआप उमटेल असे करून टाकले आणि कोणी खेळ करू नये म्हणून पासवर्डचे कुलूप लावले. मित्रांनो, सज्जन माणसाच्या हातूनही सोयीपायी एखादी चूक होते. ही त्यांची चूक होती, पण ती कळायला चौदा वर्षे जायची होती.

त्यातली पहिली बारा वर्षे माझी मानाची होती. बाहेरून तपासनीस येत, माझे रिपोर्ट चाळत आणि मान डोलवत. खंडेनवमीला माझ्या कमानीला झेंडूची माळ घालत. मग पंढरीनाथांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झाले, पण बारीक अक्षर काही नीट दिसेना. एका शनिवारी त्यांनी माझे टेबल शेवटचे पुसले, चष्म्याची डबी खिशात टाकली आणि ते गेले. जाताना पासवर्ड त्यांना कोणी विचारला नाही.

पुढचे वर्ष कसे गेले, ते आठवले की अजून जीव खालीवर होतो. जो येईल तो मला चालवी. टेबलावर चहाचे पेले ठेवले जात. एकाने तर माझ्या दांड्याला छत्री अडकवली होती. प्रत्येक रिपोर्टवर मात्र छापून येत होते, 'तपासणारा: पंढरीनाथ भोईर'. ज्या माणसाने ती वस्तू पाहिलीही नाही, त्याचे नाव! मी ते छापत होतो, कारण मला तसे सांगून ठेवले होते.

नंतर पंचशीला हिवराळे आली. तिच्या घरचे मूळचे जालन्याकडचे. वडील पोस्टात नोकरीला, म्हणून इकडे स्थायिक झालेले. डिप्लोमा करून ती थेट या खोलीत आली आणि पहिल्याच दिवशी तिने पेले उचलून बाहेर नेले. चार दिवसांत तिच्या लक्षात आले. ती सुपरवायझर जीवनकडे गेली.

"सर, रिपोर्टवर भोईरकाकांचं नाव येतंय. ते तर रिटायर झालेत ना?"

"हो, येतं ते ऑटोमॅटिक," जीवन म्हणाला. "लॉक आहे ते. येऊ दे ना. कस्टमरला सवय आहे त्या नावाची."

"पण मोजते मी."

"अगं, वरचं कोण वाचतंय? खाली सगळं ग्रीन, पास आलं ना, बस झालं."

तिने महिन्याभराने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. मग ती गप्प झाली. जीवन काही वाईट माणूस नव्हता. सकाळपासून चार मशिनी, दोन टेम्पो आणि एक सारखा वाजणारा फोन सांभाळताना त्याला हेडर म्हणजे कागदावरची नक्षी वाटायची.

मग तो दिवस आला. लिफ्टच्या कंपनीने नवा ब्रेक काढला होता आणि पिनेचे ड्रॉइंग बदलले होते. जुनी आवृत्ती 'सी', नवी 'डी'. 'सी'प्रमाणे पिन बारा मिलिमीटरपेक्षा पन्नास मायक्रॉनपर्यंत बारीक चालायची. 'डी'प्रमाणे फक्त दहा. हा बदल मालक उदयशेठ यांच्या मेलमध्ये येऊन पडला होता. त्यांनी घाईघाईत जीवनला एवढेच सांगितले होते, "पिनेचं डी आलंय, रिपोर्टवर डी दिसलं पाहिजे." त्यामुळे लेथवर पिना जुन्या मापाच्याच कापल्या गेल्या. पंचशीलाने त्या माझ्यावर मोजल्या.

"सर, डी मध्ये काय बदललंय? ड्रॉइंग दाखवाल का?"

"शेठच्या मेलवर आहे. टेम्पोवाला बाहेर बोंबलतोय, सरक जरा." जीवन स्वतः संगणकावर बसला. ड्रॉइंगच्या रकान्यातला 'सी' त्याने पुसला आणि तिथे 'डी' लिहिले. बॅचचा रकाना पाहिलाच नाही. तिथे मागच्या बॅचचाच सतरा नंबर राहिला. आणि नाव तर आपोआप आले.

वर 'डी' लिहिले होते आणि खाली मी 'सी'च्या मर्यादा लावून पिना पास करत होतो! माझे सगळे आकडे खरे होते. त्यांच्यावरचे सगळे खोटे होते. मला ओरडावेसे वाटले. पण माझ्याकडे आवाज नाही, फक्त प्रिंटर आहे. कागद निघाला. पंचशीला कागदाकडे आणि जीवनकडे आळीपाळीने पाहत राहिली. टेम्पो गेला.

अकरा दिवसांनी सकाळी काचेचे दार उघडले आणि पंढरीनाथ आत आले. राईहून बसने, मग रेल्वेच्या पुलावरून पायी. धाप लागली होती. हातात घडी घातलेला कागद होता, माझाच रिपोर्ट. त्यांच्या मागोमाग उदयशेठ आणि जीवनही आत शिरले.

पंढरीनाथांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मृणालिनीबाईंचा फोन आला घरी. बोलल्या, भोईरकाका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ब्रेकमधे पिन खडखडते, टेस्टिंगला समजला म्हून बरा. मी बोललो, बाई, मी घरी हाय. तर त्यांनी मला माजंच नाव वाचून दाखवलं, मंग ह्यो कागद धाडला." त्यांनी हेडरमधल्या नावावर बोट ठेवले. "दोन वर्सं मी या खोलीत पाय न्हाय ठेवला. मंग माजं नाव हिथं काय करतंय?"

"काका, तुमच्या नावाला मार्केटमध्ये व्हॅल्यू आहे," जीवन चाचरत म्हणाला.

"व्हॅल्यू हाय म्हून चोरलंस?"

मग पंचशीला पुढे झाली. "मोजलं मी होतं, काका. तुमचं नाव येतंय हे मला माहीत होतं. मी दोनदा बोलले आणि मग गप्प बसले."

"आणि मेल माझ्याकडे होता," उदयशेठ म्हणाले. "मी उघडून दाखवला असता तर पिना बनल्याच नसत्या."

पंढरीनाथ स्टुलावर बसले. म्हणाले, "कुलूप मीच लावलेलं. माजी पन चूक हाय. आता पिना कुठं कुठं गेल्यात, ते सांगा."

तेच कोणाला सांगता येईना. दोन्ही बॅचेसवर सतराच नंबर, म्हणून लिफ्टच्या कंपनीने त्या एकाच ट्रेमध्ये ओतल्या होत्या. त्यातल्या काही जुन्या ब्रेकमध्ये गेल्या, तिथे त्या चालणाऱ्या होत्या. काही नव्या ब्रेकमध्ये गेल्या, तिथे त्या चालणाऱ्या नव्हत्या. कोणती कुठे, हे एकाही कागदावर नव्हते. शेवटी तेवीस इमारतींच्या लिफ्ट बंद कराव्या लागल्या. मित्रांनो, एका रकान्यात एक आकडा बदलायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद वाचवले म्हणून तेवीस इमारतींतली माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढत होती.

पिना परत येऊ लागल्या. तीन दिवस पंढरीनाथ रोज सकाळी राईहून आले. ते मलमलीने एकेक पिन पुसून माझ्या टेबलावर ठेवत आणि पंचशीला माझा मणी तिला टेकवी. ती आकडा वाचे, ते मान हलवत. दोघांचे बोलणे फार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना तिने विचारले, "काका, पासवर्ड काय होता?"

"कुनी इचारलाच न्हाय इतकी वर्सं." ते हसले, पण सांगितला नाही. स्वतः उठले, कीबोर्डवर डोळे बारीक करून एकेक अक्षर दाबले आणि कुलूप उघडले. "आता नवा तू टाक. मला पन सांगू नको."

पडद्यावर सगळे रकाने मांडले गेले. 'तपासणारा' या रकान्यात त्यांचे नाव होते. त्यांनी बॅकस्पेसवर बोट ठेवले. आडनाव आधी गेले, मग नाव. रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत होते. चौदा वर्षे त्यांचे नाव माझ्यात होते. मलाही कसेसेच झाले.

"असाच रिकामा ठेव," ते म्हणाले. "भरल्याबिगर कागद बाहेर पडलाच नाय पायजे, असं कर."

पंचशीलाने तसे केले. बॅचचा रकानाही दर वेळी कोरा येईल असे केले. ड्रॉइंगची आवृत्ती हाताने लिहायची सोय काढून टाकली. ती यादीतून निवडायची आणि जी निवडली तिच्याच मर्यादा खाली लागतील, असे तिने जुळवले. जीवन दारात उभा राहून पाहत होता. तो आत आला आणि म्हणाला, "मला पण दाखव, कसं करतात ते." तिने खुर्ची सरकवून त्याला जागा दिली.

संध्याकाळी पहिला रिपोर्ट काढायची वेळ आली. मी थांबलो. रिकामा रकाना तिच्याकडे पाहत होता. तिची बोटे कीबोर्डवर गेली आणि तशीच राहिली. इतके दिवस नाव दुसऱ्याचे होते, तेव्हा आकडे तिला हलके वाटत असावेत. ती उठली, तीन पिना पुन्हा टेबलावर ठेवल्या, पुन्हा मोजल्या. मगच तिने लिहिले, 'पंचशीला हिवराळे'. पूर्ण नाव, आद्याक्षरे नाहीत.

दोन्ही बॅचेस मिळून चारशे पिना गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मोजदाद झाली तेव्हा तीनशे नव्याण्णव भरल्या. पुन्हा मोजल्या. तीनशे नव्याण्णवच.

त्या एका पिनेने आम्हा सगळ्यांची झोप उडवली. मला झोप नसते, तरी हे म्हणतो. उदयशेठ दर तासाला फोन करत. मृणालिनीबाई एकेका फिटरला गाठून विचारत होत्या. मी कमान वर करून नुसता उभा होतो. बाहेर टेम्पोचा आवाज आला की वाटे, आली. ती येत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी त्या कंपनीचा अभिनव नावाचा फिटर खोलीत आला. चेहरा उतरलेला होता. त्याने खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"जेसल पार्कच्या एका बिल्डिंगमध्ये होती. नवीन ब्रेक लावला तेव्हा एक पिन पडली माझ्या हातातून, हरवली. मग मी स्टोअरच्या ट्रेमधून एक उचलली. एंट्री नाही केली." तो खाली बघत म्हणाला. "त्या तेवीसच्या लिस्टमध्ये ही बिल्डिंग नव्हतीच. लिफ्ट चालू होती इतके दिवस. सहाव्या मजल्यावर सरूबाई म्हणून एक आजी आहेत, गुडघे गेलेत त्यांचे. मी पिन काढत होतो तर मला विचारतात, बाळा, किती वेळ लागेल, मला खाली उतरायचंय."

पंढरीनाथांनी पुडी उघडली. पिन पुसली. पंचशीलाने माझा मणी तिच्यावर आणला. मी तिला सहा ठिकाणी स्पर्श केला. बारापेक्षा अठ्ठेचाळीस मायक्रॉन बारीक. एका बाजूला घासल्याची हलकी खूण होती.

"म्हणजे काही झालं नाही ना?" अभिनवने विचारले.

"आजपर्यंत न्हाय झालं," पंढरीनाथ म्हणाले.

पंचशीला हेडर भरू लागली. आवृत्ती डी. निकाल नापास. तपासणारी, तिचे नाव. मग ती थांबली आणि तिने एक नवा रकाना बनवला: 'ही वस्तू कुठे वापरात होती'. त्यात लिहिले, 'जेसल पार्क, सहा मजली इमारत, चालू लिफ्टचा ब्रेक, एकूण पंधरा दिवस'.

उदयशेठ तिच्या मागे उभे राहून वाचत होते. "एवढं लिहायलाच पाहिजे का? पिन मिळाली, चारशे पूर्ण झाल्या. हे असं छापून गेलं तर ते काम काढून घेतील."

अभिनवही आशेने तिच्याकडे पाहत होता. हा रकाना कोरा राहिला तर त्याचीही सुटका होती.

"सर, नाही लिहिलं तरी आकडे खरेच राहतील," ती म्हणाली. "पण त्या ब्रेकचं बाकीचं काय काय घासलंय, ते बघायला मग कोणी जाणार नाही. आणि आजी रोज खाली उतरणार."

उदयशेठ काचेबाहेर लेथवरच्या माणसांकडे पाहत राहिले. त्या सगळ्यांचे पोट या कामावर होते, हे मलाही माहीत होते. मी थांबलो होतो. रकाने सगळे भरलेले होते. आता फक्त एक बटण. मग त्यांनी हात पुढे केला आणि ते बटण स्वतःच दाबले. कागद बाहेर आला. त्यांनी त्यावर सही केली, फोन काढला आणि तिथेच उभे राहून मृणालिनीबाईंना तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला.

दुपारी ती लिफ्ट बंद झाली. ब्रेकचा आणखी एक भाग झिजलेला निघाला, तो बदलला. अभिनवला बोलणी खावी लागली, पण त्याची नोकरी राहिली. आमचे पिनांचे काम मात्र दोन महिने थांबले. ते दोन महिने कारखान्यात कोणी मोठ्याने हसत नव्हते. आता काम पुन्हा सुरू झाले आहे, पूर्वीपेक्षा थोडे कमी.

मित्रांनो, मी अजूनही बेचैन असतो. रोज नवी वस्तू टेबलावर येते, नवा कोरा रकाना उघडतो, आणि तो भरेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. मला जपा, माझे टेबल पुसा, माझ्यावर पेले ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. तुमच्याही हाती कधी ना कधी एखादा कागद येईल. त्यावर दुसऱ्याचे नाव आयते पडलेले असेल, जुना नंबर तसाच असेल आणि बाहेर कोणीतरी घाई करत असेल. तेव्हा आधी ते पुसा. वस्तू स्वतः हातात घ्या, नीट पाहा. आणि मग तिथे आपले नाव लिहा, पूर्ण.